शारजातल्या उस्तादांचं लेथ आणि माझ्या बॅन्शीचं इंजिन

यामाहा बॅन्शी या वाळूत पळवायच्या चार चाकी क्वाड बाइकचं इंजिन शारजात कोणाकडे बांधायला द्यावं, हे इतक्या जणांनी विचारलंय की एकदाच सविस्तर लिहितो. माझी बॅन्शी २००४ ची. क्रँकपासून (पिस्टन ज्यावर फिरतात तो खालचा दांडा) हेडपर्यंत (वरचं झाकण) सगळं खोलून तिचं इंजिन नव्यानं बांधून घेतलं, इंडस्ट्रियल एरियातल्या एका छोट्या लेथच्या दुकानात. हातातलंच काम उरकत नाही, नाव-नंबर कुठेही टाकू नका, असं मालकांनी बजावलंय. म्हणून इथे त्यांना उस्ताद म्हणतो. त्या गल्लीत त्यांना सगळे तेच म्हणतात. पाकिस्तानी पंजाबातले आहेत, वय साठीच्या पुढचं, दोन लेथ, सिलिंडर आतून कापून मोठा करणारं एक बोरिंग मशीन, एक प्रेस आणि मदतीला पुतण्या. खरंच काम द्यायचं असेल त्यानं मला खासगीत विचारावं. दुसरीकडे देणार असाल तरी वाचा, कारण टू-स्ट्रोक क्वाडच्या इंजिनात मेकॅनिककडून नेमकं काय करून घ्यायचं हे मला इथे बघायला मिळालं.

बॅन्शी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. यामाहानं ती १९८७ ला आणली आणि अमेरिकेत २००६ पर्यंत विकली. ३४७ सीसी, दोन सिलिंडर, पाण्यानं थंड होणारं टू-स्ट्रोक इंजिन, सहा गिअर, नुसती किक. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ६४ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ५४. हे आकडे वाचून आपल्याकडच्या जुन्या माणसांचे कान टवकारतील, कारण एस्कॉर्ट्सनं १९८३ ला आणलेल्या राजदूत ३५० चा बोअर-स्ट्रोक हाच. राजदूत हवेवर थंड होणारी, बॅन्शी पाण्यावर. राजदूतला ऑइलचा वेगळा पंप, बॅन्शीला तो नाही, पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं. पण घराणं एकच, यामाहाच्या आरडी मोटारसायकलींचं. माझे वडील कोल्हापूरच्या उद्यमनगरात टर्नर होते. राजदूत ३५० चे सिलिंडर त्यांच्याकडे बोअरिंगला यायचे, आणि दिवसाचं शेवटचं काम म्हणून ते कधीच हातात घ्यायचे नाहीत, सकाळी डोळे ताजे असताना घ्यायचे. उस्तादांकडेही बोरिंग मशीन सकाळीच चालतं. मला तिथे पहिल्याच भेटीत विश्वास वाटला तो यामुळे.

गाडी घेतली तेव्हा विकणारा म्हणाला होता, टॉप एंड, म्हणजे पिस्टन-सिलिंडरचा वरचा भाग, नवीन आहे. खोटं नव्हतं. पिस्टन खरंच नवे होते. पण कॉम्प्रेशन उजवीकडे १२० पीएसआय आणि डावीकडे ८५. वाळूत थोडी ताणली की डावा सिलिंडर तापायचा आणि एका सकाळी त्यानं पिस्टन धरला, म्हणजे पिस्टन भिंतीला घासून अडकला. शारजातल्याच एका गॅरेजमध्ये दाखवली, तर त्यांनी न खोलता सांगितलं, नवा पिस्टन टाकू, होनिंग करू (सिलिंडरची भिंत दगडानं घासू), दुपारपर्यंत घेऊन जा. आधीच्या मालकानंही बहुधा हेच करून घेतलं होतं. नवा पिस्टन धरत असेल तर त्यात आणखी एक नवा पिस्टन टाकून काय होणार?

उस्तादांनी इंजिन घेतलं आणि पहिला पानासुद्धा लावला नाही. आधी दोन्ही एक्झॉस्ट रबरी बुचांनी बंद केले, इनटेकच्या तोंडात बुचं बसवली, हातपंपानं आत थोडी हवा भरली आणि साबणाचं पाणी फवारलं. डाव्या बाजूला, क्रँकच्या टोकावरच्या मॅग्नेटच्या (वीज बनवणाऱ्या चाकाच्या) मागे फेस यायला लागला. दोन्ही इनटेक बूट जोडणारी जी आडवी नळी असते, तिच्या टोकालाही बारीक बुडबुडे. मग ते म्हणाले, ‘‘आता खोला. चोर सापडलाय.’’

हे का महत्त्वाचं, ते समजून घ्यायला हवं. फोर-स्ट्रोकमध्ये क्रँककेस म्हणजे नुसती ऑइलची टाकी. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस हा पंप आहे. पिस्टन वर जाताना खाली पोकळी होते, तिथे पेट्रोल-हवेचं मिश्रण रीड व्हॉल्वमधून (एकाच दिशेनं उघडणाऱ्या पातळ पट्ट्यांतून) ओढलं जातं. पिस्टन खाली येताना ते दाबलं जाऊन ट्रान्सफर पोर्टांतून (भिंतीतल्या वाटांतून) वर सिलिंडरमध्ये जातं. ऑइल त्याच मिश्रणातून येतं. आता क्रँकच्या टोकाचं सील गळलं तर त्या पोकळीत बाहेरची कोरडी हवा शिरते. त्या सिलिंडरला पेट्रोलही कमी आणि ऑइलही कमी. तापमान चढतं, पिस्टन फुगतो, भिंतीला घासतो. दोन सिलिंडरांच्या मध्ये क्रँकवर आणखी एक सील असतं, त्यामुळे डावीकडची गळती डाव्यालाच मारते, उजवा बिचारा नीट चालत राहतो. उलट क्लच बाजूचं सील गेलं तर गिअरबॉक्सचं ऑइल आत ओढलं जातं आणि गाडी पांढरा धूर ओकते. ते निदान दिसतं तरी. मॅग्नेट बाजूचं सील काही न दाखवता पिस्टन खातं.

मग दोन्ही पिस्टन टेबलावर शेजारी शेजारी ठेवून उस्तादांनी मला ते वाचायला लावले. उजव्याच्या माथ्यावर तपकिरी थर, डावा राखेसारखा फिकट. डाव्यावर एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे, ॲल्युमिनियम पुसून रिंगच्या खाचेत शिरलेलं, रिंग तिथेच चिकटलेली. इनटेकच्या बाजूला मात्र दोन्ही पिस्टनांची कड सारखीच मंद, घासलेली. ‘‘ही वाळू,’’ ते म्हणाले. म्हणजे दोन वेगळे आजार होते, एक सील आणि दुसरा एअर फिल्टर, आणि दोन्हींची खूण एकाच पिस्टनवर वेगवेगळ्या बाजूंना. इतकं स्पष्ट मला आजवर कोणी दाखवलं नव्हतं. पैसे मी यासाठी दिले असं मानतो. बोअरिंग तर गल्लीतल्या चार दुकानांत होतं.

बॅन्शीचं केस आडवं उघडतं, वरचा अर्धा आणि खालचा अर्धा, जुन्या आरडीसारखंच. त्यामुळे क्रँक उचलून बाहेर काढता येतो. चार मेन बेअरिंगं, त्यातलं मॅग्नेट बाजूचं हातानं फिरवलं तरी खरखर जाणवत होती. बिग एंडला (रॉड क्रँकला जोडतो तिथे) वर-खाली खेळ नव्हता, पण पिनवर निळसर डाग आला होता, तापल्याचा. मी नवा तयार क्रँक मागवायच्या तयारीत होतो, अमेरिकेतून. उस्तादांचं मत पडलं की मूळ यामाहाचे क्रँक वेब (पिनच्या दोन्ही बाजूंच्या जाड चकत्या) चांगले आहेत, ते टाकायचे नाहीत. रॉड, पिन, बेअरिंगं आणि सील नवी घालून हाच प्रेसवर बांधू. पिना वेल्ड करा असं मी सुचवलं, कारण बॅन्शीवाले बहुतेक जण ते करतात. त्यांनी नकार दिला. मोठे पाइप, मोठे कार्ब्युरेटर, मोठा बोअर असं काही करणार असशील तर क्रँक पिळवटू नये म्हणून वेल्ड ठीक. साध्या गाडीत वेल्ड केला की पुढच्या वेळी रॉड बदलणं अवघड होऊन बसतं. मला हे पटलं. ज्या कामाचे जादा पैसे मिळाले असते ते नको म्हणणारा माणूस होता.

क्रँक सरळ करण्याचं काम मी शेजारी स्टूल टाकून बघितलं. दोन सेंटरांमध्ये क्रँक, दोन्ही टोकांना डायल गेज, हळूहळू फिरवायचा, जिथे काटा चढतो तिथे खडूची खूण, मग तांब्याच्या हातोड्यानं एक ठोका. पुन्हा फिरवायचा. यामाहाची मर्यादा पाच शतांश मिलिमीटर आहे. उस्ताद दोन शतांशांच्या आत आल्याशिवाय थांबले नाहीत. मध्ये चहा आला, तो गार झाला, कोणी हात लावला नाही. वडील म्हणायचे की डायलचा काटा बघताना माणसानं बोलू नये. तिथे कोणी बोलतही नव्हतं.

आता पिस्टन. मी वायस्को कंपनीचे घेतले, फोर्ज्ड (ओतीव नव्हे, दाबून घडवलेले), ६४.५० मिलिमीटर, म्हणजे मूळ मापापेक्षा अर्धा मिलिमीटर मोठे. बॅन्शीच्या सिलिंडरला बिडाचं लायनर असतं, ते बोअर करता येतं, ही या गाडीची मोठी सोय आहे. हल्लीच्या बऱ्याच टू-स्ट्रोक मोटोक्रॉस गाड्यांत निकासिल नावाचा कठीण थर असतो, तिथे बोअरिंगचा प्रश्नच येत नाही, पुन्हा थर चढवायला पाठवावं लागतं. ओरखडे फक्त डाव्यात होते, तरी दोन्ही सिलिंडर सारख्याच मापाला नेले. पिस्टन हातात येईपर्यंत उस्ताद बोअरला हात लावत नाहीत. आधी प्रत्येक पिस्टन मायक्रोमीटरनं मोजतात, मार्करनं त्यावर डावा-उजवा लिहितात आणि मगच त्या त्या पिस्टनच्या मापानं सिलिंडर कापतात. शेवटचे काही शतांश होनिंगसाठी राखतात. कागदावर लिहून दिलेल्या ६४.५० वर कापून देणारी दुकानं मी बघितली आहेत. पिस्टन आणि भिंत यांच्यातली फट सहा-सात शतांश मिलिमीटर. तिथे दोन शतांशांची चूक म्हणजे पुन्हा तेच दुखणं.

फोर्ज्ड पिस्टनबद्दल माझं मत सांगतो. ते कास्टपेक्षा, म्हणजे ओतीवपेक्षा, मजबूत, पण तापल्यावर जास्त फुगतात, म्हणून फट थोडी जास्त ठेवावी लागते. थंड इंजिनात सुरुवातीची मिनिटं हलका खडखड आवाज येतो. तो बिघाड नाही. पण किक मारली आणि लगेच वाळूत घातली, असं करणाऱ्यानं हे पिस्टन घेऊ नयेत. पिस्टन फुगतो आणि सिलिंडर अजून गारच असतो, की चार कोपऱ्यांवर धरतो. तुम्ही धीरानं गाडी गरम करणारे असाल तर वायस्कोचं काम स्वच्छ आहे. रिंगची टोकं, सर्क्लिप, पिनचं फिटिंग, सगळं बिनतक्रार. टू-स्ट्रोकमध्ये रिंग फिरू नये म्हणून खाचेत बारीक पिन असते, नाहीतर रिंगचं टोक पोर्टमध्ये अडकून तुटेल. त्या पिना नीट घट्ट आहेत की नाहीत, तेही उस्तादांनी भिंगातून पाहून घेतलं.

बोअर झाल्यावरचं एक काम बरेच जण गाळतात. बोअरिंगनं पोर्टांच्या कडा चाकूसारख्या धारदार होतात. त्या तशाच ठेवल्या तर नवी रिंग तिथेच कापली जाते. उस्तादांच्या पुतण्यानं एकेका पोर्टची कड बारीक दगडानं हातानं मोडली, वरची, खालची, आतली. मग सिलिंडर गरम पाणी आणि साबणानं घासून धुतला. पेट्रोलनं धुतलं तर होनिंगची बारीक पूड खाचांतच राहते. पांढरं फडकं आत फिरवून ते पांढरंच बाहेर येईपर्यंत धुणं चालू होतं, आणि मग लगेच ऑइलचा हात.

बांधणीत एक अडचण आली. सगळं जुळवून पुन्हा हवेची चाचणी घेतली. नियम सोपा आहे: सहा पीएसआय भरायचे आणि सहा मिनिटं काटा बघायचा. पहिल्या वेळी काटा उतरायला लागला. गळती डाव्या सिलिंडरच्या तळाशी. बाजारातल्या एका स्वस्त सेटमधलं गॅस्केट होतं, एका ठिकाणी जाडीला कमी. सीलंट लावून भागवता आलं असतं. उस्तादांनी सिलिंडर पुन्हा उचलला, दुसऱ्या दुकानातून चांगलं गॅस्केट मागवलं, आणि त्या दुबार कामाचे पैसे मागितले नाहीत. दुसऱ्यांदा काटा सहा मिनिटं जागचा हलला नाही. गाडी घेऊन जाणाऱ्याला ते हा काटा दाखवूनच इंजिन ताब्यात देतात.

खर्च विचाराल तर पिस्टनचे दोन संच नऊशे दिऱ्हमच्या आसपास, रॉड-बेअरिंग-सील मिळून सातशे, दोन्ही सिलिंडरचं बोअर-होनिंग तीनशे, क्रँकची बांधणी चारशे, इंजिन खोलणं-बांधणं सहाशे. बूट, गॅस्केट, पाण्याच्या पंपाचा गिअर धरून एकूण तीन हजारांच्या थोडं वर. पंपाच्या त्या प्लॅस्टिकच्या गिअरबद्दल मुद्दाम लिहितो: क्लचचं झाकण उघडलंच आहे तर तो बदलून घ्या. तो तुटला तर पाणी फिरत नाही, आणि वाळवंटात ते कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

तक्रारी आहेत. वेळ सांगतात त्यापेक्षा बराच जास्त लागला. फोन उचलत नाहीत, प्रत्येक वेळी जाऊन विचारावं लागतं, आणि तिथे गाडी लावायला जागा मिळणं म्हणजे दिव्यच. छापील बिल मिळत नाही, वहीच्या पानावर हिशोब मिळतो. तो अचूक असतो, पण विमा किंवा विक्रीसाठी कागद हवा असेल तर उपयोग नाही. विजेच्या कामाला हात लावत नाहीत. बॅन्शीत टॉर्स नावाची यामाहाची सुरक्षा यंत्रणा असते. अंगठ्याचा थ्रॉटल सोडला आणि कार्ब्युरेटरची स्लाइड वरच अडकली, तर ती इंजिन बंद पाडते. जुनी झाली की विनाकारणच बंद पाडायला लागते. माझीही तशीच चाळे करत होती. ‘‘वायर माझी नाही,’’ इतकंच उस्ताद म्हणाले. ते काम मला दुसऱ्याकडून करून घ्यावं लागलं. ज्याला एकाच छताखाली सगळं हवंय त्याची इथे गैरसोय होईल.

सुरू करण्याचा दिवस मात्र त्यांनी माझ्याशिवाय ठेवला नाही. मिश्रण ३२ ला १, म्हणजे दहा लिटर पेट्रोलला साधारण ३१० मिलिलिटर ऑइल. पेट्रोल साधं स्पेशल, ९५ चं. मूळ कॉम्प्रेशनच्या इंजिनाला ९८ चं महागडं घालून काही मिळत नाही, असं त्यांचं म्हणणं. किक मी मारली. पहिल्यांदा फक्त गरम होईपर्यंत चालवली आणि बंद करून हात लावण्याइतकी गार होऊ दिली. पुन्हा सुरू, थोडी जास्त गरम, पुन्हा गार. असं तीन वेळा करून हेडचे नट परत तपासले. मग प्लग काढून रंग पाहिला. एनजीकेचा बीआर८ईएस, दोन्हीकडचा रंग सारखा, ओल्या विटेसारखा. दोन्ही बाजूंचा प्लग एकसारखा दिसला तेव्हा उस्ताद पहिल्यांदा हसले.

जेटबद्दल, म्हणजे कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक छिद्राच्या तुकड्याबद्दल, त्यांनी दिलेला सल्ला इथल्या प्रत्येकानं लक्षात ठेवावा. आपण शारजात उन्हाळ्यात ४५ अंशांत गॅरेजमध्ये जेट बसवतो आणि गाडी चालवतो हिवाळ्यात, पहाटे, १५ अंशांत. त्या गार हवेची घनता साधारण दहा टक्के जास्त. म्हणजे तोच जेट हिवाळ्यात कमी पेट्रोल देणारा ठरतो, आणि नेमका तेव्हाच माणूस टेकाडावर पूर्ण थ्रॉटल धरून असतो. म्हणून त्यांनी मेन जेट एक पायरी मोठा ठेवून दिला आणि सुटा जेट पिशवीत बांधून दिला, उन्हाळ्यासाठी. एअर फिल्टरचा फोम ऑइल लावूनच बसवायचा आणि दर फेरीनंतर धुवायचा, हे पुतण्यानं मला करून दाखवलं आणि मग माझ्याकडून करून घेतलं.

अल बदायरच्या वाळवंटात, बिग रेड या मोठ्या वाळूच्या टेकडीच्या खालच्या अंगाला, पहाटे नेली. सहा हजार आरपीएमच्या खाली बॅन्शी सुस्तच असते, ते तिच्या रक्तातच आहे. पॉवर व्हॉल्व (वेगाप्रमाणे एक्झॉस्टची वाट लहान-मोठी करणारी झडप) नाही, मधला जोर कमी. पण त्याच्यावर काटा गेला की मागून कोणीतरी ढकलल्यासारखी सुटते, आवाज बारीक होत होत किंचाळीवर जातो. आता तो आवाज दोन्ही पाइपांतून सारखा येतो. आधी डावा पाइप उजव्यापेक्षा आधी तापायचा. आता दोन्हींवर पाण्याचा थेंब टाकला तर सारखाच उडतो. पाण्याचं तापमानही स्थिर. गाडी गरम असताना किक पहिल्या-दुसऱ्याला लागते. पहिल्या तीन टाक्या अर्ध्या थ्रॉटलच्या पुढे जायचं नाही, अशी अट होती. ती मी पाळली, आणि नंतर काढून पाहिलेल्या प्लगचा रंग तसाच होता.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो वेळेसाठी.

द्यायचं असेल तर जून-जुलैत द्या. त्या उन्हात कोणी वाळवंटात जात नाही, दुकान मोकळं असतं. ऑक्टोबर उजाडला की क्वाडची रांग लागते आणि मग हिवाळा गॅरेजमध्येच जातो. आणि सिलिंडर एकटा घेऊन जाऊ नका. जुने पिस्टन, तुटकी रिंग, काढलेले प्लग, कोणत्या बाजूचा कोणता हे लिहून, पुसून-धुऊन न आणता जसेच्या तसे न्या. नुसता सिलिंडर पुढे केला तर उस्ताद पिस्टन विचारतात, आणि नसेल तर परत पाठवतात.